एकच दार, आत अनेक दुकानं

आमच्या रायपुरात लग्न ठरलं की पंडरीच्या कपडा मार्केटाची फेरी ठरलेलीच. दुकानं इतकी, की नवखा माणूस गोंधळून जातो. दाराशीच कुणी जाणकार भेटला आणि म्हणाला, "साड्या ना? या, मी सोडतो," तर किती बरं वाटेल!

घरच्या सर्व्हरलाही असाच जाणकार हवा असतो.

समजा, तुम्ही जुन्या संगणकावर सिनेमांसाठी जेलीफिन, गाण्यांसाठी नेव्हिड्रोम आणि फोटोंसाठी इमिच बसवलंत. तिघांचे पोर्ट वेगळे: ८०९६, ४५३३ आणि २२८३. आजीनं हे आकडे पाठ करायचे का? आणि राऊटरवर तिन्ही पोर्ट उघडले, तर चोराला तीन दारं मिळाली!

इथे रिव्हर्स प्रॉक्सी कामी येतो. तो दाराशी बसतो, पत्ता वाचतो आणि मागणी योग्य ॲपकडे पोहोचवतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुलं केलेलं एनजिनएक्स हे काम फुकटात करतं. कॅडी वापरलंत तर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही तेच आणतं.

मग घरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'गाणी' लिहिलं की नेव्हिड्रोम, 'सिनेमा' लिहिलं की जेलीफिन. यालाच सबपाथ म्हणतात.

पण पहिल्या दिवशी बहुतेकांना कोरं पान दिसतं. कारण साधं आहे. ॲपला वाटतं, अख्खं घर आपलंच. ते आपली चित्रं, बटणं थेट मुख्य पत्त्यावर मागतं, आणि ती कुणाची हे प्रॉक्सीला कळत नाही. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये 'बेस यूआरएल' शोधा आणि तिथे तोच सबपाथ भरा. जेलीफिन त्यानंतर रीस्टार्ट करावं लागतं.

दुसरी खोड शेवटच्या तिरक्या रेघेची. एनजिनएक्समध्ये ॲपच्या पत्त्याशेवटी ती रेघ दिली, तर 'गाणी' हा भाग गळून पुढे जातो. नाही दिली, तर जसाच्या तसा जातो. बेस यूआरएल भरलेल्या या दोन ॲपना पूर्ण पत्ता हवा असतो, म्हणून रेघ देऊ नका.

इमिच मात्र सबपाथवर चालत नाही. त्याला 'फोटो' असं स्वतंत्र सबडोमेन द्या. तिथे हट्ट करून रात्र घालवू नका.

आणि एक जपा. एकाच पत्त्याखालची ॲप्स ब्राउझरला एकाच घरची वाटतात. एकात भोक पडलं तर शेजाऱ्यालाही धोका. म्हणून अपडेट टाळू नका. बाहेरगावाहून फक्त घरच्यांनाच बघायचं असेल, तर इंटरनेटवर दार उघडूच नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन पुरे.

एवढं झालं, की आजीच्या फोनवर फक्त तीन खुणा ठेवा: गाणी, सिनेमा, फोटो. पोर्टचे आकडे तुमच्या वहीत राहू द्या.