आधी अनइन्स्टॉल करू नका!

ॲप उघडलं की क्षणात बंद. पुन्हा उघडा, पुन्हा बंद. अशा वेळी कस्टमर केअरपासून 'कॉम्प्युटरवाल्या' भाच्यापर्यंत सगळ्यांचा एकच मंत्र असतो: "अनइन्स्टॉल करून परत टाका." मला या मंत्राचा मनापासून राग आहे.

कारण बरेचदा बिघाड त्या ॲपमध्ये नसतोच. ६ मे २०२० ला आयफोनवर स्पॉटिफाय, टिंडर, पिंटरेस्ट अशी एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली ॲप्स एकदम उघडेनाशी झाली. या सगळ्यांच्या पोटात फेसबुकचं एसडीके, म्हणजे फेसबुकने दिलेला तयार कोड होता. ॲप सुरू होताना तो फेसबुकच्या सर्व्हरकडून सेटिंग्ज मागवतो. फेसबुकने तिकडे काहीतरी बदललं, आणि इकडे यजमानासकट सगळं कोसळलं! फेसबुकने लॉगिन न करणारेही सुटले नाहीत. १० जुलैला पुन्हा तोच प्रकार. तेव्हा काहींनी एअरप्लेन मोड लावून पाहिला, तर ॲप चक्क उघडलं.

मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडची पाळी आली. जीमेलसकट बरीच ॲप्स पडायला लागली. दोषी होता अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग. उपाय काय, तर वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा. पडणारं ॲप दहा वेळा काढून टाकलं असतं तरी उपयोग शून्य.

नुसता वेळच वाया गेला असता तर मी एवढा चिडलो नसतो. पण ॲपबरोबर त्याचा फोनमधला डेटाही जातो. बॅकअप नसलेल्या नोट्स, घरखर्चाचा हिशेब, ऑथेंटिकेटरमधली खाती... परत आणणार कुठून?

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की बदललं काय? बाकीची ॲप्सही पडतायत का? मग फोन रीस्टार्ट करा, मेमरी भरली नाही ना ते बघा, अपडेट आलंय का बघा, एकदा नेट बंद करून उघडा. अँड्रॉइडवर कॅशे साफ केली तर हरकत नाही, पण त्याच्या शेजारचं डेटा किंवा स्टोरेज साफ करायचं बटण दाबू नका. आयफोनवर 'ऑफलोड ॲप' केलं तर ॲप जातं, डेटा राहतो. अनइन्स्टॉल सगळ्यात शेवटी, आणि तेही बॅकअप आहे याची खात्री करून.

आता थोडं आपल्या जातभाईंसाठी. पेपरवाला आला नाही म्हणून उघडायचंच नाही, असं दार कोणी घराला बसवतं का? मग दुसऱ्याच्या सर्व्हरने वेडंवाकडं उत्तर दिलं म्हणून आपलं ॲप का पडावं? बाहेरचा कोड गरज लागेल तेव्हाच सुरू करा. टेस्टिंगमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर पाठवून बघा. डेडलाइन असते, मान्य. पण "परत टाकून बघा" म्हणणं म्हणजे आपलं टेस्टिंग ग्राहकाकडून करून घेणं, आणि तेही त्याच्या डेटाच्या जिवावर!