तुकोबांचा पूल आणि पैलतीर

परमेश्वराने कोणत्याही लोकसमूहाला स्वतःच्या साक्षीवाचून ठेवलेले नाही, असे ख्रिस्ती धर्म मानतो. आमच्या भाविक मंडळींना याचे नवल वाटते. परंतु ही श्रद्धा त्या धर्माच्या आरंभापासूनची आहे. अथेन्स नगरीत अज्ञात देवाला वाहिलेली वेदी पाहून, तुम्ही न जाणता ज्याला भजता त्याचीच ओळख करून देतो, अशा आशयाचे भाषण संत पौलाने तेथील विद्वानांपुढे केले होते.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने या संस्कृतज्ञ ब्राह्मण कवीच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पुढे त्यांनी ख्रिस्तकथा आमच्याच कीर्तनाच्या घाटात बसविली. मला त्याचा विषाद नाही. टाळ-वीणा हे कुणाचे वतन नव्हे. हिवरखेडच्या मंदिरात मी टिळकांचे नाव घेतले की एखादे वृद्ध श्रोते मान फिरवितात, ते असो.

प्रश्न पुलाचा आहे. इतरांना लाभलेला प्रकाश खरा, पण पूर्णता ख्रिस्तातच, असा ख्रिस्ती सिद्धांत. तेथे तुकोबा पूल ठरतात. वारकऱ्याला त्यांचे चरण हेच पैलतीर. ‘सारे धर्म सारखेच’ असे गुळमुळीत बोलून हा भेद झाकणे दोन्ही श्रद्धांवर अन्याय करणारे आहे. मला तो सिद्धांत मान्य नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पण आपले काय? जो ज्या भावाने येईल त्याला तसे भेटण्याचे अभिवचन गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे, हे आपण एकादशीस एकादशी ऐकतो. मग बाप्तिस्मा घेताच टिळकांना सोयऱ्यांनी तोडले ते कशाच्या आधारे? लक्ष्मीबाई कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या ताटातुटीची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आहे, ती भाविक घरांनी अवश्य वाचावी. देव सर्वांना भेटतो म्हणायचे, आणि आपल्याच लेकराला तो निराळ्या नावाने भेटला की कवाड लावायचे, याचा मेळ कोणत्या शास्त्रात बसतो?

टिळकांनी तरी आपले कवाड लावले नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते.