परसबाग : मिठाचा डबा घरातच ठेवा



बेळगावचा पाऊस एकदा लागला की सकाळी कुंड्यांभोवती चकाकणाऱ्या रेघा दिसतात. रात्री गोगलगायी फिरून गेल्याची ती खूण. त्यातल्या बिनशंखाच्या तर कुठल्याही फटीत लपतात. गेल्या आषाढात गणपतीसाठी लावलेली झेंडूची बारा रोपं त्यांनी दोन रात्रींत फस्त केली. नुसते दांडे उरले.

रागाच्या भरात मी मिठाचा डबाच घेऊन बाहेर गेले. अंगातलं पाणी ओढलं जाऊन गोगलगायी मेल्या खऱ्या, पण मीठ पावसाबरोबर मातीत उतरलं आणि शेजारची मेथीही करपली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, मातीचं लोणचं घालायचं होतं का?"

यंदा आम्ही असं करतो :

गोणपाट : संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याजवळ पसरायचं. सकाळी उन्हं यायच्या आत उलटलं की खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. चिमट्याने उचलून साबणाच्या दाट पाण्यात टाकायच्या. ते पाणी झाडांना घालायचं नाही.

टॉर्च : रात्री जेवणं झाल्यावर मुलांसोबत एक फेरी. हातमोजे हवेतच. गोगलगायींच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. म्हणून घरची पालेभाजीही नीट धुऊनच घ्या.

कुंड्यांचा तळ : कुंड्या विटांवर ठेवा आणि अधूनमधून उचलून बघा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पुंजके दिसले तर ती अंडी. लगेच काढून टाका. उघडीप असेल तेव्हा पाणी सकाळी घाला, म्हणजे रात्री माती कोरडी राहते.

राख कोरडी असेपर्यंतच उपयोगी. एक सर आली की संपलं. अंड्याच्या टरफलांवरही विसंबू नका. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टरफलांनी रोपं वाचली नाहीत. बाजारातल्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततात, त्या घरात नकोतच.

यंदाच्या बारा रोपांपैकी नऊ उभी आहेत, कळ्याही धरल्यात. बाप्पाचा हार घरच्याच झेंडूचा होईल असं दिसतंय. तुमच्या घरचा उपाय काय? जरूर कळवा.