खोली मालकाची, पेटी कोणाची?

शहरातील भाड्याच्या खोलीतून माणूस निघून जातो तेव्हा त्याचे सारे सामान त्याच्याबरोबर जातेच असे नाही. पत्र्याची पेटी, वळकटी, स्टोव्ह, चार भांडी, खुंटीवरची पिशवी आणि त्या पिशवीत मुलांचे शाळेचे दाखले, असे काही ना काही मागे राहते. कधी गावी मयत झालेली असते, कधी काम सुटलेले असते, तर कधी भाडे थकले म्हणून मालकाने एका सकाळी दाराला स्वतःचे कुलूप घातलेले असते. या मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. ज्याची ती पेटी आहे त्याला तो क्षुल्लक नसतो. कारण स्थावर म्हणावे असे त्याच्याजवळ काही नसते आणि जंगम होते ते सारे त्या पेटीत असते.

२०२० च्या टाळेबंदीने या प्रश्नाचे उग्र रूप दाखविले. २५ मार्चपासून सारे व्यवहार ठप्प झाले. २९ मार्च रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की, घरमालकांनी कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि कामगारांना वा विद्यार्थ्यांना जागा सोडण्यास भाग पाडू नये. आदेश स्वागतार्ह होता. परंतु रोजगारच बुडालेला माणूस शहरात थांबणार कशाच्या बळावर? तो निघाला. शेकडो मैल पायी जाणारा माणूस डोक्यावर पेटी घेऊन जात नाही. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, त्यांतही हातात मावेल तेवढेच गेले. खोलीला कुलूप राहिले आणि कुलपामागे भाडे चढत राहिले. काही महिन्यांनी परतलेल्या अनेकांना खोलीत दुसरे बिऱ्हाड आढळले. सामान? ते भंगारात गेले किंवा ‘आधी भाडे चुकते कर, मग ने’ असे उत्तर मिळाले. सरकारी आदेशाने निदान कागदावर छप्पर राखले होते. छपराखालच्या वस्तूंबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

थकलेल्या भाड्यापोटी सामान अडकवून ठेवणे हा आपला हक्कच आहे, अशी घरमालकांची समजूत आहे. दुर्दैवाने अनेक भाडेकरूंचीही तीच समजूत आहे. ती निराधार आहे. इंग्रजी अमदानीतल्या १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालयांच्या कायद्याने भाड्यासाठी सामान जप्त करण्याची मुभा दिली होती, पण तीही न्यायालयाच्या वॉरंटाने आणि सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच. त्याहून महत्त्वाचे आहे ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०. ऋणकोविरुद्ध रीतसर हुकूमनामा झाला, तरी त्याचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही. कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. धर्मरूढीनुसार जो अलंकार स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही, तोही करता येत नाही. म्हणजे सावकार खटला जिंकला तरी न्यायालय ज्या तव्याला आणि ज्या करवतीला हात लावू देत नाही, तो तवा आणि ती करवत घरमालक कोणताही खटला न करता आपल्या कुलपाखाली ठेवतो. भाडेकरू पोलीस चौकीवर गेला की त्याला सांगितले जाते, ही दिवाणी बाब आहे!

घरमालकाची बाजूही आम्ही नाकारीत नाही. सारेच घरमालक इमारतींचे धनी नसतात. एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी चालविणारी विधवाही घरमालकच असते. बेपत्ता भाडेकरूची पेटी सांभाळीत तिने वर्षभर खोली रिकामी ठेवावी, असे कोणी म्हणणार नाही. तिची खरी अडचण अशी की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात जागेचा ताबा मिळविण्याची रीत तपशिलाने आहे, लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद आहे. परंतु निघून गेलेल्या माणसाच्या सामानाची विल्हेवाट कशी लावावी याची स्पष्ट रीत त्यात नाही. बेलीफ ताबा घ्यायला येतो तेव्हा पंचनामा होतो, यादी होते. बेलीफ न येता रिकाम्या झालेल्या खोल्यांना मात्र ना पंच, ना यादी. जेथे रीत नसते तेथे बळकटाची मर्जी हीच रीत होते.

म्हणून या अधिनियमात स्वतंत्र कलम घालावे, अशी आमची मागणी आहे. भाडेकरूच्या गावच्या पत्त्यावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत, लेखी सूचना गेली पाहिजे. पत्ता ठाऊक नाही ही सबब चालू देऊ नये. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. दोन शेजाऱ्यांसमक्ष यादी व्हावी. साठ दिवस सामान सांभाळले जावे आणि ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी ही सोय महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाने करावी. त्यानंतर विक्री झालीच तर सांभाळण्याचा वाजवी खर्च वजा जाता उरलेली रक्कम भाडेकरूच्या नावे जमा राहावी. थकबाकी त्यातून परस्पर वळती करून घेता येणार नाही. तिच्यासाठी अनामत आहे आणि न्यायालय आहे. शिधापत्रिका, आधार, शाळेचे दाखले, गुणपत्रिका ही कागदपत्रे तर कोणत्याही सबबीवर रोखता वा नष्ट करता येऊ नयेत. दहा रुपयांना रद्दीत गेलेला दाखला पुन्हा मिळविण्यासाठी मजुराचे किती रोज बुडतात, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

कायदा होईपर्यंत वस्तीतल्या शाखांना करण्यासारखे काम आहे. खोली उघडली जाणार असे कळताच दोन कार्यकर्त्यांनी तेथे हजर राहावे, मालकाशी तंटा न करता यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत, मालकाची सही घ्यावी आणि कागदपत्रांची पिशवी पोच देऊन स्वतःकडे घ्यावी. ज्याला बळाने बाहेर काढले असेल त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लागला पाहिजे; ही मुदत अनेकांची केवळ अज्ञानामुळे हुकते. आपल्या भागात अशी प्रकरणे झाली असल्यास खोली केव्हा सुटली, सामानात काय होते आणि ते कोठे गेले, एवढा तपशील लिहून जिल्हा कार्यालयाकडे पाठवावा. दुरुस्तीचा मसुदा त्याच्या आधारेच तयार करावयाचा आहे.