देवलीच्या छावणीविषयी संसदेस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, लोकसभा, आणि माननीय सभापती, राज्यसभा, नवी दिल्ली

भारत-चीन युद्धाच्या काळात, 1962च्या नोव्हेंबरात, आसामातील माकुम आणि ईशान्येकडील इतर गावांतून चिनी वंशाच्या कुटुंबांना घराबाहेर काढून आगगाडीने राजस्थानातील देवली येथे नेण्यात आले. तेथे सुमारे 3000 स्त्री-पुरुष व मुले स्थानबद्ध झाली. स्थानबद्धता म्हणजे आरोप नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही, आणि तरीही कुंपण ओलांडण्याची मुभा नाही. आसामच्या चहामळ्यांसाठी 19व्या शतकात आणलेल्या चिनी कामगारांचे वंशज त्यांत होते; अनेकांच्या माता-आज्या स्थानिक समाजांतल्या होत्या, मुले आसामी बोलत होती, आणि ज्या देशाचे हस्तक म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले तो देश त्यांपैकी कित्येकांनी पाहिलाही नव्हता.

हे जमावाचे कृत्य नव्हते, म्हणूनच हे पत्र संसदेस आहे. भारत संरक्षण कायदा, तसेच शत्रुदेशाशी वंशसंबंध असलेल्या भारतीय नागरिकांनाही परकीयांचे निर्बंध लागू करू देणारा कायदा, ही दोन्ही विधेयके त्याच वर्षी संसदेने मंजूर केली. राष्ट्रपतींच्या आदेशाने अशा स्थानबद्धांचा अनुच्छेद 21 व 22 खाली न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही बंद झाला. सीमेवरील पराभवाने देश हादरला होता, हे खरेच. परंतु चीनने युद्धविराम 21 नोव्हेंबरलाच जाहीर केला, आणि देवलीतील शेवटची माणसे सुटली ती 1967 मध्ये. भीतीने पहिले काही आठवडे समजू शकतात, पुढची चार वर्षे नव्हे. दरम्यान घरे-दुकाने लिलावात गेली, 2000हून अधिक जणांची 1963 मध्ये जहाजांनी चीनला रवानगी झाली, आणि काही कुटुंबे त्यातच कायमची दुभंगली. ब्रिटिशांनी श्रीपाद अमृत डांगे व जयप्रकाश नारायण यांना विनाखटला डांबले ते याच देवलीत, 1941 मध्ये. त्या अन्यायाची जाण असलेल्या प्रजासत्ताकाने तीच जागा पुन्हा वापरावी, ही गोष्ट क्लेशदायक आहे.

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत ठेवले होते. तेथील संसदेने 1988 मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास 20,000 डॉलर दिले. भारताने अद्याप अशी माफी मागितलेली नाही, जरी टोरोंटोत स्थायिक झालेल्या माजी स्थानबद्धांच्या संघटनेने तशी मागणी केली आहे. त्या वेळची लहान मुले आज साठी ओलांडून गेली आहेत. दोन्ही सभागृहांनी खेदाचा ठराव करावा, छावणीच्या नोंदी व लिलावाची कागदपत्रे अभ्यासकांस आणि वारसांस खुली करावीत, आणि हे त्यांच्या हयातीत व्हावे, ही विनंती.