आधी मोजा, मग बदला

जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही की आधी बॅटरी बदलली जाते. आठवड्याभरात ती पुन्हा अडली की अल्टरनेटर, मग कॉइल. मालकाच्या खिशाला कात्री लागते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गाडी कितीही जुनी असो, मोजमाप घेतल्याशिवाय तिचा एकही विजेचा भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे मोजमाप अवघड नाही. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की हा आकडा 13.8 ते 14.4च्या आसपास जायला हवा. तो वर चढलाच नाही, तर सैल बेल्ट, झिजलेले ब्रश किंवा बिघडलेला रेग्युलेटर तपासावा. अशा गाडीत नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार. सेल्फ मारताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. तिथे पट्टीची टोके पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळली की अनेकदा काम भागते. सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. ठिणगीचा माग काढावा. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंटवाल्या गाडीत कंडेन्सर खराब असेल, तर नवे पॉइंटही लवकर जळतात. कारण शोधले नाही, तर पॉइंट बदलतच राहावे लागतात.

मुरलेल्या मेकॅनिकला नुसत्या आवाजावरून दोष कळतो, असे कोणी म्हणेल. त्या अनुभवाचे मोल मोठेच आहे. पण उतरलेली बॅटरी, गंजलेले टर्मिनल आणि कमकुवत अर्थिंग, तिन्हींत सेल्फ सारखाच रेंगाळतो. कान संशयाची दिशा दाखवतो, निवाडा आकडाच करतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: तपासणीत अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. सुट्या भागाचे बिल आपण मुकाट भरतो, निदानाच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो. मग गॅरेजवाल्याने भागच बदलावेत, यात नवल नाही. शिवाय अकारण टाकलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे शिसे आणि गंधकाम्ल यांचे विषारी ओझे. म्हणून पुढच्या वेळी बॅटरी बदला असे सांगितले गेले, तर आधी मीटर लावायला सांगा, आकडे बिलावर लिहून घ्या आणि त्या तपासणीची मजुरी खळखळ न करता द्या.