शिकवणी तिसरीची, अडचण पहिलीची

वैजापूर - जून उजाडला, की वह्या-दप्तरांच्या खरेदीबरोबरच शिकवणीची चौकशी सुरू होते. पूर्वी ती दहावीच्या पाल्यासाठी होत असे. आता दुसरी-तिसरीतल्या मुलाला 'गणित जमत नाही' म्हणून होते. अवर्षणप्रवण तालुक्यातील पालक पावसाच्या भरवशावरील उत्पन्नातून ही फी भरतात. त्या बदल्यात मूल काय शिकते, याची विचारपूस क्वचितच होते.

दुखणे केवळ वैजापूरचे नाही. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ३३.७ टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता आली. मराठी मुलांपुढे आणखी एक पेच असतो. 'पंच्याहत्तर' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना सात आधी येतात. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्याची मुबलक थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण शांतपणे मांडले होते. ते ऐकण्यापेक्षा विनोद करणे सोपे होते.

शिकवणीत बहुधा शाळेचा गृहपाठच पुरा करून घेतला जातो. दशक-एकक न कळलेल्या मुलाकडून गुणाकार घोटून घेतल्याने वही भरते, एवढेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना मात्र ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठी आहेत. घरातल्या ओसरीवरची शिकवणी त्यांच्या कक्षेत येत नाही.

वेगळा मार्ग याच राज्यात चाचपला गेला आहे. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई व वडोदऱ्याच्या पालिका शाळांतील मागे पडलेल्या १५-२० मुलांना स्थानिक तरुणी शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास, पायापासून शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ दरम्यान त्याची पाहणी केली. कच्च्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचे दिसले. पण उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्यातील बराच भाग ओसरला. म्हणजे एखाद्या वर्षाची मोहीम पुरत नाही.

'निपुण भारत'ने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान देण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ठरविले. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायच्या शाळेत हे दोन तास कोण देणार, हे ठरल्याखेरीज पालकांचा पैसा शिकवणीकडेच वळत राहील.